खेळाला जामीन कोण?

दिवाळीला पुण्याहून मुलगा, सून आणि नातू अकोल्याला आले, की आमच्या घरात चार दिवस नुसता गलका असतो. २०२५ च्या दिवाळीत मात्र नातू आला तो गप्पच. वय वर्षे चौदा. फराळाची ताटली बाजूला सारून त्याने जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरले, पाठीवरच्या पिशवीतून एक डबा काढला, डब्यातून अंगठ्याएवढे राखी रंगाचे प्लॅस्टिकचे शिपाई काढले आणि चार केसांच्या कुंचल्याने एकाच्या खांद्यावरचे कवच सोनेरी रंगवायला बसला. तास झाला, दीड तास झाला. शिपाई एकच.

"अहो, हे पोट्टं फराळ काहून करत नाही?" हिने काळजीने विचारले. मी जन्मभर बँकेत काढलेला माणूस. मी विचारले, "हा डबा केवढ्याला?" मुलाने आकडा सांगितला. तो काही हजारांत होता. माझ्या हातातली चकली हातातच राहिली. तेव्हा मुलगा जरा घाईनेच म्हणाला, "बाबा, हे काही लहान मुलांचं खेळणं नाही. हेन्री कॅव्हिल करतो हे. सुपरमॅन झालेला तो."

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही ती डब्याच्या किमतीमुळे नव्हे. चाळिशी ओलांडलेल्या माझ्या मुलाला बापासमोर आपल्या पोराच्या खेळाचे समर्थन करण्यासाठी सातासमुद्रापलीकडच्या एका नटाला साक्षीला बोलवावे लागले, हे मनात सलत राहिले. असे का व्हावे? त्याचा शोध घेता घेता मी बराच दूर गेलो, आणि शेवटी आपल्याच जिल्ह्यात परत आलो. तो प्रवास सांगण्यासारखा आहे.

आधी हा छंद काय आहे ते पाहू. इंग्रजीत त्याला टेबलटॉप वॉरगेमिंग म्हणतात. आपण टेबलावरची लढाई म्हणू. बुद्धिबळात पट आखलेला असतो आणि मोहरे ठरलेले असतात. इथे टेबल हेच रणांगण. त्यावर टेकड्या, झाडे, पडकी घरे मांडायची. आपली फौज आपणच जोडायची आणि रंगवायची. टेपने अंतर मोजून शिपाई पुढे सरकवायचे, आणि नेम लागला की हुकला हे फाशांवर ठरवायचे. एकेक डाव तीन-तीन तास चालतो. यातला सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे वॉरहॅमर. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने तो १९८३ मध्ये आणला. 'वॉरहॅमर ४०,०००' हा त्याचा दूरच्या भविष्यकाळात घडणारा अवतार १९८७ चा. माझ्या नातवाचे सोनेरी शिपाई त्यातलेच.

हेन्री कॅव्हिल हा २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मधला सुपरमॅन. देखणा, धिप्पाड, लाखो लोकांचा लाडका. २०२० च्या टाळेबंदीत सगळे जग घरात बसले असताना या गड्याने आपण असले शिपाई रंगवत बसलो आहोत, हे छायाचित्र टाकून जगजाहीर केले. पुढे मुलाखतींतूनही तो या खेळाविषयी रंगून बोलू लागला. डिसेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉनबरोबर वॉरहॅमर पडद्यावर आणण्याची घोषणा झाली, तीही त्यालाच पुढे ठेवून. डिसेंबर २०२४ मध्ये ही शिपाई विकणारी कंपनी लंडनच्या शेअर बाजारातल्या शंभर बड्या कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली.

आता दोन घटना पाठोपाठ घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली, असे कोणताही बँकवाला म्हणणार नाही. कंपनीचा धंदा त्याआधी काही वर्षे वाढतच होता. एकट्या नटाने तो वाढवला म्हणणे म्हणजे पीक आले ते कोंबड्याच्या आरवण्याने आले म्हणण्यासारखे आहे. मग कॅव्हिलने केले तरी काय? माझे उत्तर असे: तो जामीन राहिला.

जामीनदार म्हणजे काय, हे ज्यांनी कर्ज काढले आहे त्यांना सांगायला नको. माणूस कष्टाळू असतो, जमीन बरी असते, पण पत नसते. म्हणून गावातला एखादा वजनदार माणूस येतो, फॉर्मवर सही करतो आणि कागद पुढे सरकतो. जामीनदार नांगर धरत नाही, पेरत नाही. तो फक्त एवढेच सांगतो की या माणसावर विश्वास ठेवायला हरकत नाही. छंदांचेही तसेच आहे. मोठ्या माणसाने खेळणे म्हणजे रिकामपणाचे लक्षण, असे मानणाऱ्या समाजात छंदाला पत नसते. कोणीतरी वजनदार सही करतो, मग आई-बाप, बायको, शेजारी यांच्यापुढे तो कागद सरकवता येतो.

या खेळाचा इतिहास चाळला, तेव्हा तो म्हणजे जामीनदारांचीच यादी आहे असे वाटले. प्रशियात राइसवित्झ नावाच्या बापलेकांनी नकाशावर ठोकळे सरकवून लढाईचा खेळ तयार केला. १८२४ मध्ये मुलाने तो सेनाप्रमुख फॉन म्युफलिंगला दाखवला. सेनापती आधी फारसा उत्सुक नव्हता, पण डाव रंगत गेला तसा तो इतका प्रभावित झाला की साऱ्या सैन्याला त्याने या खेळाची शिफारस केली. ही पहिली मोठी सही. आर. एल. स्टीव्हन्सन १८८० च्या सुमारास आजारपणात दावोसच्या बर्फात राहिला होता. तिथे तो आपल्या सावत्र मुलाबरोबर जमिनीवर शिश्याचे शिपाई मांडून लढाया खेळे. एच. जी. वेल्सने तर १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे नियमांचे पुस्तकच लिहिले. भयपटांत गाजलेला नट पीटर कुशिंग आपल्या घरी वेल्सच्याच नियमांनी शिपाई लढवतो, हे १९५६ मध्ये इंग्लंडच्या प्रेक्षकांनी चित्रपटगृहातल्या वार्तापटात पाहिले.

म्हणजे प्रसिद्ध खेळाडू पूर्वीही होते. फरक एवढाच, की तेव्हा लोक म्हणायचे, मोठा माणूस आहे, असायचाच थोडा विक्षिप्त. त्या सहीवर दुसऱ्याला कर्ज मिळत नसे. आता मात्र तरुण मुले म्हणतात, तो करतो तर आम्ही का लपवावे?

पण सगळ्या सह्या सारख्या नसतात. नोकरीच्या काळात मी तीन प्रकारचे जामीनदार पाहिले. पहिला, ज्याला कर्जदाराचे नावही नीट माहीत नसते. कुणीतरी सांगितले म्हणून तो सही करतो. दुसरा, ज्याचे स्वतःचे खाते त्याच शाखेत आहे, ज्याने स्वतः कर्ज काढून फेडले आहे. आणि तिसरा, जो कर्जदाराच्याच गल्लीत, त्याच्याच ओसरीवर वाढला आहे.

आपल्याकडे बुद्धिबळाचे उदाहरण घ्या. टेबलावरच्या लढाईचा मूळ पुरुष म्हणजे आपले चतुरंग: पायदळ, घोडदळ, हत्ती, रथ. २०२० च्या टाळेबंदीत विनोदी कलाकार समय रैना इंटरनेटवर बुद्धिबळ खेळत हसवू लागला, आणि ज्यांनी कधी पट उघडला नव्हता अशी पोरे घोड्याची अडीच घरे मोजू लागली. जून २०२१ मध्ये कोविडच्या मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंदसमोर आमिर खान आणि इतर नामवंत बसले. कार्य चांगले, निधी जमला. पण त्या दिवशीच्या पाहुण्यांपैकी बहुतेक जण पहिल्या प्रकारचे जामीनदार होते. कॅव्हिल दुसऱ्या प्रकारचा. त्याचे खाते खरोखरच त्या शाखेत आहे. तो शिपाई रंगवतो, नियम जाणतो.

आणि तिसऱ्या प्रकारची आपली नागपूरची दिव्या देशमुख. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. त्या आठवड्यात अकोल्यात आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराने मला विचारले, "काका, ते बुद्धिबळाचा पट चांगला कुठं भेटते?" नटाच्या सहीने हे झाले नसते. विदर्भातली, आपल्यासारखेच ऊन खाल्लेली पोरगी जिंकली म्हणून झाले.

परंतु दिव्याच्या मागे कोण, हेही पाहिले पाहिजे. जिंकल्यावर तिने आपले पहिले गुरू राहुल जोशी यांची आठवण काढली. आपली विद्यार्थिनी ग्रँडमास्टर व्हावी ही त्यांची इच्छा होती. ती पुरी होण्याआधीच २०२० मध्ये ते गेले. सांगलीचे उदाहरण जुने आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ वर्षानुवर्षे चालवले, स्पर्धा भरवल्या, पोरांना पटावर बसवले. भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या भाग्यश्री ठिपसे, त्याच गावच्या. मुंबईत खाडिलकर भगिनींनी सत्तरच्या दशकात राष्ट्रीय अजिंक्यपदे घरी आणली तेव्हा तर बुद्धिबळाला नटांचा पत्ताही नव्हता. तेव्हा खेळ टिकला तो कुणीतरी खोली उघडी ठेवली, सतरंजी अंथरली, आणि "ये, बस, एक डाव टाकू" म्हटले म्हणून.

इथवर आलो आणि मला माझेच जुने खाते उघडावे लागले.

नव्वदच्या दशकात माझी बदली पुण्याला झाली. आमच्या वऱ्हाडात पोळ्याला मातीचे बैल. दिवाळीत अंगणात किल्ला करण्याची रीत आमच्या घरी नव्हती. पुण्यात मुलाने ती पाहिली आणि त्याला वेडच लागले. दगड-विटा, पोत्यावर चिखल, वर अळीव पेरायचे, आणि कुंभाराकडून आणलेले मातीचे मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज. इतर मुले दिवाळी संपली की किल्ला मोडत. हा मावळे खोक्यात भरून ठेवी आणि वर्षभर पलंगाखाली लढाया खेळे. सापशिडीचा फासा त्याने घेतला होता. सहा पडले तर तोफ उडाली, एक पडला तर दारू ओली निघाली. नियम वहीत लिहिलेले. वेल्सचे नावही त्याला माहीत नव्हते.

तो दहावीत गेला. एका संध्याकाळी मी शाखेतून वैतागून घरी आलो. थकबाकीचे दिवस होते. हा भूमितीचे पुस्तक उघडे टाकून एका मावळ्याचा फेटा रंगवत बसला होता. मी ओरडलो नाही. दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेल्यावर ते खोके उचलले आणि कामवाल्या बाईंना देऊन टाकले. तिच्या मुलांना खेळायला होतील, हे माझे समर्थन. नियमांची वही रद्दीत गेली. मुलगा संध्याकाळी आला, पलंगाखाली वाकून पाहिले, आणि काही बोलला नाही. त्याला गुण चांगले पडले, नोकरी चांगली लागली. त्या खोक्याचा विषय आमच्यात पंचवीस वर्षे निघाला नाही.

म्हणून परवा त्याने कॅव्हिलचे नाव घेतले तेव्हा मला कळले. त्याला जामीनदार शोधावा लागला, कारण ज्याने सही करायला हवी होती त्याने अर्जच फेटाळला होता.

दुसऱ्या दिवशी नातू माझ्याजवळ आला. "आबा, आरगॉम कुठे आहे? जवळच आहे म्हणे."

"कोण म्हणतं?"

"शार्पच्या कादंबरीत आहे."

शार्प हा बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाचा मानसपुत्र, इंग्रजी फौजेतला सैनिक. १९९३ पासून शॉन बीन या नटाने तो दूरदर्शन मालिकेत उभा केला आणि घरोघरी पोहोचवला. त्याच्या एका कादंबरीत आरगॉमची लढाई आहे, गाविलगडचा वेढा आहे. आरगॉम म्हणजे आपले अडगाव. अकोटच्या पुढे, तेल्हारा तालुक्यातले.

मी थक्क झालो, कारण ऐंशीच्या दशकात मी त्याच भागात शेती-अधिकारी होतो. त्या शिवारातल्या कपाशीला मी पीककर्जे दिली. सातबारे पाहिले, बोजे चढवले. कोणत्या गटात विहीर आहे, कुणाचा जामीनदार कोण, सारे तोंडपाठ. पण २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेलस्ली आणि नागपूरकर भोसल्यांची फौज समोरासमोर उभी होती, हे मला शाळेतल्या एका ओळीपलीकडे ठाऊक नव्हते. असईला शौर्याने लढलेल्या कंपनीच्या तीन पलटणी भोसल्यांच्या तोफा धडाडताच मागे पळाल्या होत्या. वेलस्लीने त्या स्वतः पुन्हा रांगेत आणल्या. लढाई दिवस मावळेपर्यंत चालली, पाठलाग चांदण्यात झाला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. पुढे १८५३ मध्ये निजामाच्या थकलेल्या देण्यापोटी इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. अख्खा प्रांत तारण म्हणून गेला! बँकेत वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी तारण लिहिताना हे मला एकदाही आठवले नव्हते.

भाऊबीजेनंतर आम्ही तिघे, मी, मुलगा आणि नातू, अकोटमार्गे अडगावला गेलो. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, शिवारात वेचणी चाललेली. बांधावर एक म्हातारबा भेटले. नातवाने लढाईचे विचारले. "झाल्ती म्हन्तात बाप्पा," ते म्हणाले, "आता तं पऱ्हाटीच हाय. तुमी कुठले?" नातू वाकून जमीन पाहत होता. उतार कुठे, ओढा कुठे, तोफा कुठे असतील. त्याला ती भूमी दिसत होती. मला इतकी वर्षे फक्त गट क्रमांक दिसले.

तर नामवंतांचा असाही उपयोग होतो. एका इंग्रज नटाच्या मागून जाता जाता माझ्या नातवाला आजोबांच्या जिल्ह्याचा इतिहास सापडला. तोटाही नजरेआड करू नये. सही मोठी झाली की भाव वाढतो. मातीचा मावळा कुंभाराच्या पाटीत काही रुपयांत मिळे. या डब्याला हजार मोजावे लागतात. आणि खरेदीलाच छंद समजण्याची चूक होते. या खेळातली मंडळी न रंगवलेल्या, न उघडलेल्या खोक्यांच्या थप्पीला गमतीने 'लाजेचा ढीग' म्हणतात, असे नातवानेच मला सांगितले. कर्ज मंजूर होणे आणि पीक हाती येणे यांत जेवढे अंतर, तेवढेच इथेही. शिवाय इंग्रजांच्या टेबलावर अडगाव मांडले जाते ते वेलस्लीच्या बाजूने सांगितलेले. आपल्या मुलांनी ते मांडायचे, तर बेनीसिंग कोण होता हे त्यांना कोणीतरी घरातच सांगावे लागेल. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटले, आनंद झाला. त्या बारांत गाविलगड नाही, नरनाळा नाही. त्यांच्यासाठी अजून कोणाची सही आलेली नाही; म्हणून ते आपल्या मुलांना दाखवायचे नाहीत की काय?

"पण लढाईचा खेळ मुलांना शिकवावा का?" हिने परतल्यावर विचारले. प्रश्न रास्त होता. वेल्सलाही तो पडला होता. शिश्याच्या शिपायांच्या लढाईवरून खऱ्या लढाईचा गोंधळ आणि खर्च किती असेल याची कल्पना करा, असा त्याच्या पुस्तकाचा रोख होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. मी हिला वेल्स सांगत बसलो. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "बरं आहे. खेळातला मेलेला शिपाई उचलून पुन्हा उभा तरी करता येतो."

निघण्याच्या आदल्या रात्री जेवणाचे टेबल मोकळे केले. बाजारातून मी मातीचे मावळे आणले होते. दिवाळी सरत आली होती, निम्मे तोफा तुटलेल्या. हिरवी चादर म्हणजे अडगावचे शिवार, घडी घातलेली कांबळ म्हणजे सातपुडा. नातवाचे सोनेरी कवचधारी कंपनी सरकारकडून उभे राहिले, त्याला इलाज नव्हता. नियम कोणते, हा प्रश्न आला. नातू मोबाईल काढू लागला.

मी मुलाकडे पाहिले. म्हणालो, "तुझे नियम आठवतात का रे? ती वही मी..." पुढचे शब्द घशात अडकले.

तो थोडा वेळ फासा बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "सहा पडले तर तोफ उडाली. एक पडला तर दारू ओली."

मी कोरा कागद घेतला आणि तो सांगेल तसे लिहू लागलो. खाली तारीख घातली, आणि बँकेतल्या सवयीने, कोणी मागितली नव्हती तरी, सहीसुद्धा केली.